तपासणी चालू आहे, हात लावू नये

तेहतीस वर्षांच्या नोकरीत बॉयलरसाहेबांच्या हाताखालून नऊशेच्या वर बॉयलर गेले आणि त्यांतला एकही फुटला नाही. हे वाक्य ते स्वतःच दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत, म्हणून आपणही तिथूनच सुरुवात केलेली बरी. कारखान्यांत जायचं, बॉयलर ठोकून बघायचा, धोका दिसला की सील मारून मोकळं व्हायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी इमारतीत कुणाचा गिझर जरा गुरगुरला की लोक अजून त्यांच्याच दारात येत. असा हा माणूस. आणि त्याच्या स्वतःच्या घरात, जेवणाच्या टेबलाशेजारच्या कोपऱ्यात बसलेल्या एका साध्या कॉम्प्युटरनं त्याची जी दैना केली, ती ऐकण्यासारखी आहे.

खरं तर कॉम्प्युटर त्यांचा नव्हताच, बाईंचा होता. बाई म्हणजे साहेबांची बायको. सव्वीस वर्षं शिवणाच्या वर्गात शिकवत असल्यामुळे सगळी आळी त्यांना बाई म्हणे, आणि साहेबांच्याही मनात हल्ली तोच शब्द यायचा. गेली दोन वर्षं बाई रोज वर्गावरून आल्या, घरचं आवरलं, की संध्याकाळी कॉम्प्युटरवरचं स्वतः शिवलेलं फुलाफुलांचं आवरण काढून पुस्तक लिहायला बसत. ‘शिवण : मापापासून काजापर्यंत’. दोनशे बारा पानं, ब्याण्णव आकृत्या. एका प्रकाशकानं ते छापायचं कबूल केलं होतं, पण एका अटीवर: फाइल शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पोचली पाहिजे. पाच वाजून गेले की छापखान्याची तारीख दुसऱ्या पुस्तकाला जाणार आणि बाईंचं पुस्तक पुढच्या वर्षी, किंवा प्रकाशकाच्या शब्दांत ‘बघू’. ‘बघू’चा अर्थ काय होतो हे सरकारी नोकरी केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

पुस्तक लिहून पुरं झालं होतं. एकदा शेवटची नजर फिरवायची आणि पाठवायचं, एवढंच उरलं होतं. सोमवारी सकाळी नऊपर्यंत या घरात काळजी करण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं.

नऊ वाजता साहेबांना जिन्यात बातमीदार भेटले. समोरच्या दारात राहणारे हे गृहस्थ आयुष्यात कधी वर्तमानपत्रात नव्हते, पण जगातली प्रत्येक वाईट बातमी आधी त्यांच्याकडे येई आणि मग जगाला कळे.

“ऐकलंत का साहेब? माझ्या मेहुण्याच्या ऑफिसात व्हायरस शिरला. एक क्लिक, फक्त एक! बारा वर्षांच्या फायली साफ. काल मेहुणा जेवला नाही हो.”

“अरेरे,” साहेब म्हणाले.

“तुमच्याकडे काय बसवलंय?”

“कशात?”

बातमीदारांनी कठडा धरला. “म्हणजे काहीच नाही? अहो, दार सताड उघडं टाकून झोपताय की तुम्ही! आणि आत वहिनींचं पुस्तक! फुकट मिळतात हो अँटीव्हायरस, डझनावारी मिळतात. फुकट ते पौष्टिक. फक्त निवडताना जरा बघून निवडा, कारण त्यातली काही स्वतःच व्हायरस असतात म्हणे.”

एवढं बोलून बातमीदार दूध आणायला निघून गेले. साहेब मात्र तिथेच तिसऱ्या पायरीवर उभे राहिले. बॉयलरचा धोका कसा, आवाज तरी करतो, गळतो, तापतो. हा धोका गुपचूप येणार आणि बाईंची दोन वर्षं खाऊन जाणार.

त्यांनी जावयाला फोन लावला. जावई कॉम्प्युटरमधलाच होता, आणि म्हणूनच साहेबांना त्याला काही विचारायला जिवावर यायचं.

“बाबा, मशीनबरोबर एक आलेलंच असतं,” जावई म्हणाला. “ते चालू आहे ना, तेवढं बघा. बाकी काही टाकू नका. आणि आईंच्या पुस्तकाची एक कॉपी दुसरीकडे ठेवा म्हणजे झालं.”

“कॉपी कशाला? कॉम्प्युटर काय कुठे पळून जातोय?” साहेबांनी विचारलं.

“बाबा, प्लीज. काही टाकू नका.”

आता इथे साहेबांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. मशीनबरोबर आलेलं संरक्षण म्हणजे काय? तर कारखानदारानं स्वतःच्या बॉयलरला स्वतःच दिलेलं सर्टिफिकेट! अशी सर्टिफिकेटं त्यांनी तेहतीस वर्षं मालकांच्या तोंडावर परत केली होती. ‘आमचा बॉयलर उत्तम आहे’ असं म्हणणाऱ्या मालकाचाच बॉयलर आधी तपासावा, हे त्यांनी नव्या निरीक्षकांना शिकवलेलं. जावई चांगला मुलगा होता, पण निरीक्षक नव्हता.

बाई अकरा ते चार वर्गावर असत. सव्वाअकराला साहेबांनी कपाटातून जुनी नोंदवही काढली, लाल पेन्सिलीला टोक केलं, फुलाफुलांचं आवरण बाजूला ठेवलं आणि कामाला बसले. पहिली नोंद अशी: ‘सोम. ११.१५. यंत्र वरकरणी थंड. आवाज सौम्य. संरक्षण असमाधानकारक.’

फुकट अँटीव्हायरस कोणतं चांगलं, हे सांगायला जग टपलेलं होतं. साहेबांनी सात याद्या वाचल्या. एका यादीत जे पहिलं, ते दुसऱ्या यादीत नववं आणि तिसऱ्या यादीत ‘चुकूनही घेऊ नका’ या मथळ्याखाली. साहेबांनी वहीत रकाने आखले, प्रत्येकाला गुण दिले, बेरजा केल्या, तर अकरा जणांना सारखेच गुण पडले. शेवटी त्यांनी ज्याच्या चित्रात ढाल होती ते निवडलं, कारण ढाल ही निदान गंभीर वस्तू आहे.

ढालीनं आधी अटी समोर ठेवल्या. एक्केचाळीस पानं. जगात आजवर कुणीही त्या अटी वाचल्या नसतील, पण साहेबांनी न वाचता सही कधी केली नव्हती. दोन तास ते वाचत होते. सतराव्या कलमाला त्यांची हरकत होती. ढालीमुळे काही नुकसान झालं तर ढाल जबाबदार नाही, असं ते कलम म्हणत होतं. ‘कलम १७ वगळून मान्य’ असं लिहायला त्यांनी जागा शोधली. जागा नव्हती. बटणं दोनच होती, मान्य आणि अमान्य. साहेबांनी वहीत आपला लेखी निषेध नोंदवला आणि ‘मान्य’वर बोट ठेवलं.

ढाल आली ती एकटी आली नाही. तिच्याबरोबर हवामान सांगणारी एक पट्टी आली, पत्त्यांचा एक खेळ आला आणि एक साफसफाईवाला आला. घरचं झालं थोडं, तशातली गत. या साफसफाईवाल्यानं कुणी न सांगता कॉम्प्युटर तपासला आणि लाल अक्षरांत जाहीर केलं: एक हजार आठशे सेहेचाळीस दोष सापडले. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी स्वतः आयुष्यात एका बॉयलरमध्ये जास्तीत जास्त एकवीस दोष काढले होते, आणि तेव्हा तो मालक खुर्चीत बसून रडला होता. अठराशे सेहेचाळीस! आणि बाई या यंत्राशेजारी रोज संध्याकाळी निर्धास्त बसत होत्या!

त्या रात्री जेवताना बाई म्हणाल्या, “आज कॉम्प्युटर जरा सुस्त वाटतोय का हो?”

“तपासणी चालू आहे,” साहेब म्हणाले आणि पाणी प्यायले.

मंगळवारी साहेबांनी दुसरं बसवलं. का म्हणून विचाराल, तर हा त्यांचा आयुष्याचा नियम: एका व्हॉल्व्हवर विसंबू नये. प्रत्येक बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह दोन हवेत. एक अडकला तर दुसरा उघडतो. ज्या दिवशी मालक म्हणतो ‘एक पुरे’, त्या दिवसापासून त्या कारखान्याजवळून जाऊ नये. तेव्हा ढालीच्या जोडीला घुबड आलं. चित्रातलं घुबड डोळे वटारून बघत होतं, आणि साहेबांना त्याची नजर पसंत पडली.

दहा मिनिटांत घुबडानं ढालीला पकडलं. ‘धोका! एक अनोळखी प्रोग्राम तुमच्या सगळ्या फायलींवर नजर ठेवून आहे,’ असं ते सांगू लागलं. त्याच क्षणी ढालीनं घुबडाला पकडलं आणि तेच सांगितलं. पडद्यावर उजव्या कोपऱ्यात एक खिडकी, डाव्या कोपऱ्यात एक खिडकी, दोघी एकमेकींच्या नावानं बोटं मोडताहेत आणि मध्ये साहेब. त्यांनी एकीला ‘दुर्लक्ष करा’ म्हटलं की दुसरी दुप्पट जोरानं वाजे. तक्रार दोघांचीही खरी होती, हीच तर पंचाईत! कॉम्प्युटरचा पंखा घरघरू लागला. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून पाहिला. तापला होता. हे एवढं लक्षण मात्र त्यांना ओळखीचं होतं, आणि त्यांना दरदरून घाम फुटला.

चार वाजता बाई यायच्या. पावणेचारला साहेबांनी माळ्यावरून पत्र्याची लाल पाटी काढली. निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी हौसेनं दिलेली ती पाटी: ‘तपासणी चालू आहे. हात लावू नये.’ ती त्यांनी कॉम्प्युटरच्या गळ्यात अडकवली.

बाई आल्या, पर्स ठेवली, पाटी वाचली. “हे काय?”

“सुरक्षेचं काम आहे. दोन दिवस.”

“शुक्रवारी पाठवायचंय, लक्षात आहे ना?”

“म्हणूनच तर,” साहेब म्हणाले. आवाज त्यांनी निरीक्षकाचा काढला, पण आतून तो त्यांना स्वतःलाच पटला नाही.

बाईंनी वाद घातला नाही. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी साहेबांच्या बॉयलरबद्दल कधी प्रश्न विचारला नव्हता, आणि बाईंच्या कुठल्याही मशीनला साहेबांनी कधी हात लावला नव्हता. त्या घरचा हा अलिखित करार होता. तो मोडलाय हे त्या घटकेला फक्त साहेबांना माहीत होतं.

बुधवारी साहेबांनी दोघांच्या भांडणात पंच म्हणून तिसरं आणलं. मुंगूस. मुंगूस सगळ्यांच्या वरचढ, असं आठवी यादी सांगत होती. मुंगसानं आल्या आल्या कडक तपासणी सुरू केली. एकेक फाइल हुंगत ते पुढे चाललं होतं आणि साहेब वही घेऊन शेजारी बसले होते. बऱ्याच दिवसांनी त्यांना आपण कामावर असल्यासारखं वाटलं. अकरा वीसला मुंगूस एका फाइलपाशी अडलं. नावाच्या जागी अक्षरं नव्हती, नुसते रिकामे चौकोन होते, एकापुढे एक. मुंगूस म्हणत होतं: ‘ही फाइल मोठी आहे आणि सतत बदलते आहे. अडवायची का?’

नाव नाही, गाव नाही, आणि सतत बदलते! साहेबांचा हात तेहतीस वर्षांच्या सवयीनं पुढे गेला. संशय आला की आधी सील, चौकशी मागाहून. त्यांनी ‘अडवा’ दाबलं, वहीत नोंद केली, सही केली, आणि सोमवारपासून पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं. चोर सापडला होता.

हे बरं वाटणं जेमतेम दीड तास टिकलं. दुपारी त्यांनी खात्री करावी म्हणून बाईंचं पुस्तक उघडायला घेतलं, आणि पुस्तक जागेवर नव्हतं. कुठेच नव्हतं. त्यांनी सगळे कप्पे धुंडाळले. भाचीच्या साखरपुड्याचे फोटो होते, विजेच्या बिलाची पावती होती, कुण्या काळी बाईंनी लिहून ठेवलेली रंगांची यादी होती. पुस्तक नव्हतं.

साहेब खुर्चीतून उठले आणि परत बसले. चोर पकडला खरा, पण चोरी आधीच झाली होती! ही त्यांची समजूत, आणि ती त्या क्षणी त्यांना इतकी पक्की वाटली की दुसरा विचार डोक्यात शिरलाच नाही. त्या चौकोनी नावाच्या राक्षसानं बाईंचं पुस्तक गिळलं होतं. जावई ‘कॉपी ठेवा’ म्हणाला होता. ‘कॉम्प्युटर काय कुठे पळून जातोय’ असं आपणच म्हणालो होतो. ते वाक्य दिवसभर त्यांच्या कानात वाजत राहिलं.

त्या संध्याकाळी बाईंनी पाटीकडे बघितलं आणि एका फ्रॉकचं अस्तर उसवायला घेतलं. साहेब समोर बसून विचार करत होते. सांगावं? सांगितलं तर काय होईल? बाई ओरडणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं. तेच त्यांना सहन होणार नव्हतं.

गुरुवारी त्यांनी मुंगसाच्या कंपनीला मदतीचा अर्ज केला. ‘महोदय, विषय: गिळलेली फाइल परत मिळणेबाबत.’ सविस्तर अर्ज, मुद्दे एक ते नऊ, आपला नम्र. एका मिनिटात उत्तर आलं! साहेबांनी घाईघाईनं चष्मा चढवला. उत्तर असं होतं की फुकट वापरणाऱ्यांना सात कामकाजी दिवसांत कळवण्यात येईल, तोवर आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? साहेबांनी प्रामाणिकपणे विचार करून दोन दिले. त्याचं कारण विचारणारा आणखी एक फॉर्म आला.

मग मात्र त्यांचा संताप अनावर झाला. कंपनीवर काढता येईना, म्हणून तो त्यांनी चोरावर काढला. जप्त मालाच्या यादीत ती चौकोनी फाइल निवांत पडली होती. बाईंची दोन वर्षं खाऊन ढेकर देत बसली होती जणू. साहेबांनी दात-ओठ खाऊन ‘कायमचं नष्ट करा’ हे बटण दाबलं. पडद्यावर एक चक्र फिरू लागलं आणि खाली अक्षरं आली: ‘नष्ट करत आहे. कृपया थांबा.’ तीन टक्क्यांवर ते अडकलं. एक वाजला, दोन वाजले, चक्र फिरतच होतं. ढाल, घुबड आणि मुंगूस तिघं एकमेकांच्या मानगुटीवर बसलेले, त्यामुळे कुणालाच हलता येत नव्हतं. साहेबांनी नोंद केली आणि पाटी सरळ केली.

“काढता का ती पाटी?” संध्याकाळी बाई म्हणाल्या. “पहिल्या पानावर मला एकदा नजर टाकायचीय.”

“उद्या,” साहेब म्हणाले.

“उद्या शुक्रवार आहे.”

“उद्या सकाळी.”

शुक्रवारी सकाळी बाई वर्गावर गेल्या आणि साहेब चपला अडकवून तडक बुटांच्या दुकानामागच्या गाळ्यात गेले. तिथे दुरुस्तीवाली बसे. चाळिशीतली, कानावर पेन्सिलीसारखा स्क्रूड्रायव्हर खोचलेली, आणि समोर चार उघडे कॉम्प्युटर. साहेबांनी ठरवलं होतं की नाव-पत्ता न सांगता, ‘एका मित्राचं यंत्र’ म्हणून सल्ला विचारायचा.

“मित्राच्या घरी फुलाफुलांचं आवरण असतं का?” तिनं मान वर न करता विचारलं. “साहेब, तुम्ही बाईंचे यजमान ना? मला काजं करायला त्यांनी शिकवलं. दोन कामं हातातली संपवते आणि तीनला येते.”

“बाईंना कळायला नको,” साहेब म्हणाले.

तिनं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. “गेलंय काय त्यातलं?”

साहेबांनी सांगितलं. तिनं कानावरचा स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

ती आली तेव्हा सव्वातीन झाले होते, आणि ती टेबलापाशी बसते न बसते तोच दारात किल्ली वाजली. बाई वर्ग लवकर सोडून आल्या होत्या. पाठोपाठ बातमीदारही आत शिरले. दुरुस्तीवालीला जिन्यात पाहिल्यावर त्यांच्यानं घरात बसवेना.

बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. “काय झालंय?”

साहेब उभे राहिले. “पुस्तक गेलं,” ते म्हणाले. “मी वाचवायला गेलो होतो. माझ्यामुळे गेलं.”

बाई शिवणाच्या मशीनपुढच्या स्टुलावर बसल्या. मशीनच्या चाकावर नुसता हात फिरवत राहिल्या. “दोन वर्षं, हो,” एवढंच म्हणाल्या. साहेबांना वाटलं, यापेक्षा आपला एखादा बॉयलर फुटला असता तर बरं झालं असतं.

“व्हायरसच तो,” बातमीदार हळहळले. “माझ्या मेहुण्याचं अगदी असंच—”

“तुम्ही गप्प बसा,” साहेब आणि बाई एकदमच म्हणाले.

दुरुस्तीवाली पडद्यावर वाकली होती. “तीन तीन? बाई गं! रोगापेक्षा इलाज भयंकर. आधी या ढालीला आणि घुबडाला बाहेर काढते, म्हणजे मशीनला श्वास तरी घेता येईल. साहेब, तुम्ही कधी काय काय दाबलंत, ते आठवतंय का थोडंफार?”

साहेबांनी नोंदवही पुढे केली. त्या वेळी दुरुस्तीवालीचे दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून वही बाईंनी घेतली आणि चष्मा लावून मोठ्यानं वाचायला लागल्या. सोमवार, निषेध. मंगळवार, घुबड. दुरुस्तीवाली ऐकत ऐकत ढालीला निरोप देत होती, आणि ढाल ‘तुम्ही खरंच जाताय? कारण सांगा’ म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होती.

“बुधवार, अकरा वीस,” बाई वाचत होत्या. “एक निनावी फाइल आढळली. आकार मोठा. मागील दोन वर्षांपासून रोज संध्याकाळी सहा ते आठ बदलत असल्याचं दिसतं. कारण दिलेलं नाही. अत्यंत संशयास्पद. सील केली. सही.”

बाई थांबल्या. त्यांनी ती नोंद पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचली.

“अहो,” त्या सावकाश म्हणाल्या, “रोज संध्याकाळी सहा ते आठ मी लिहिते.”

साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. बाईंनी पुढची ओळ वाचली, आणि या वेळी त्यांचा आवाज चढला. “गुरुवार, बारा चाळीस. सदर फाइल कायमची नष्ट करण्याचा आदेश दिला. अंमलबजावणी चालू.” आणि त्या ओरडल्या, “थांब गं! काही काढू नकोस!”

दुरुस्तीवालीचं बोट बटणावर होतं. तिनं ते निखाऱ्यावरून उचलावं तसं उचललं. “बापरे,” ती म्हणाली. “आदेश अजून चालूच आहे की! ही दोघं मुंगसाला हलू देत नाहीयेत म्हणून ते तीन टक्क्यांवर अडकलंय. मी या दोघांना बाहेर काढलं असतं, तर मुंगूस मोकळं झालं असतं आणि पुस्तक गेलं असतं.”

“म्हणजे आहे?” बाईंनी विचारलं.

“आहे. अजून आहे. मराठी नाव मुंगसाला दाखवता आलं नाही, म्हणून नुसते चौकोन दिसले.”

“चोर सोडून संन्याशाला फाशी,” बातमीदार पुटपुटले. त्यांना कुणी काही म्हणालं नाही, कारण त्यांचं बरोबर होतं.

पुढचा तास कसा गेला ते साहेबांना आजही नीट सांगता येत नाही. आधी तो आदेश रद्द करायचा होता, आणि अडकलेला आदेश रद्दही होईना. दुरुस्तीवाली एकेक खिडकी मिटत होती, तीन नव्या उघडत होत्या, पत्त्यांचा खेळ मध्येच ‘एक डाव खेळता का?’ म्हणत होता. साहेब भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते आणि तळहात विजारीला पुसत होते. बाई स्टुलावर ताठ बसल्या होत्या. सव्वाचार. साडेचार. चार चाळीसला चक्र थांबलं, आदेश रद्द झाला. मग जप्त मालाची यादी उघडली, चौकोन चौकोन चौकोन, आणि दुरुस्तीवालीनं ‘परत जागेवर ठेवा’ दाबलं. चौकोनांची अक्षरं झाली. ‘शिवण : मापापासून काजापर्यंत.’

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. साहेबांना खूप काही बोलायचं होतं. पण बोलले ते असं: “तरी बघ, ढाल आणि घुबड दोन्ही होते म्हणून वाचलं. म्हणून मी म्हणतो, एका व्हॉल्व्हवर विसंबू—”

बाईंनी नुसतं वळून पाहिलं. साहेबांनी मूग गिळले.

“चार एकावन्न,” दुरुस्तीवाली म्हणाली. “उघडून बघते, सगळं आहे ना, आणि लगेच पाठवू. मुंगसाला नंतर बघते.” फाइल उघडली. पहिलं पान आलं, आणि ते पान साहेबांनी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यावर मधोमध एकच वाक्य होतं, आणि दुरुस्तीवालीनं ते सवयीनं मोठ्यानं वाचलं:

“माझ्या यजमानांना, ज्यांनी चौतीस वर्षांत माझ्या कामात एकदाही हात घातला नाही.”

वाचून झाल्यावर तिनं जीभ चावली. बातमीदार छताकडे बघू लागले. साहेबांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं, पण ते दुसऱ्या मजल्यावर राहत होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि कान लाल झाले होते. दोन्ही एकाच वेळी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

“सरक जरा,” बाई दुरुस्तीवालीला म्हणाल्या.

“बाई, चार चोपन्न झालेत.”

“तेवढ्यात एक काज होतं,” बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. त्यांनी वाक्याच्या शेवटी बोट नेलं, चार शब्द टाइप केले आणि फाइल जतन केली. कुणी श्वास सोडायच्या आत पडद्याच्या कोपऱ्यात मुंगसाची खिडकी उघडली: ‘ही फाइल आत्ता बदलली गेली आहे. अडवायची का?’

तिघांनीही साहेबांकडे पाहिलं. साहेब निमूटपणे आपल्या खुर्चीत बसले आणि त्यांनी आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

बाईंनी ‘नको’ दाबलं. चार सत्तावन्नला पुस्तक गेलं. चार अठ्ठावन्नला प्रकाशकाचं ‘मिळालं’ आलं. दुरुस्तीवालीनं मग मुंगूस आणि हवामानाची पट्टी आणि सगळाच गोतावळा बाहेर काढला आणि सांगितलं की मशीनबरोबर आलेलं एक आहे, ते चालू आहे, तेवढं पुरे. तिनं आणखी एक सांगितलं: वीस वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नाही, ज्यानं केलेला प्रत्येक गाढवपणा वेळेसकट लिहून ठेवलाय. साहेबांनी ते प्रशस्तिपत्र समजून घेतलं. आवरण घालताना बाईंनी कॉम्प्युटरच्या गळ्यातली पाटी काढली आणि खुंटीवर, साहेबांच्या खुर्चीच्या बरोबर वर, लावून टाकली.

चार महिन्यांनी पुस्तक छापून आलं. बाई वर्गावर होत्या. साहेबांनी हात धुतले, पुसले, आणि पहिलं पान उघडलं. ‘माझ्या यजमानांना, ज्यांनी चौतीस वर्षांत माझ्या कामात एकदाही हात घातला नाही, फक्त पाच दिवस वगळता.’

त्यांनी ते तीनदा वाचलं. मग बोटांवर मोजून पाहिलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली, समासात बारीक अक्षरात ‘तपासलं, नोंद बरोबर आहे’ असं लिहिलं, आणि खाली सही केली.